खेळून पोट भरतं का? सुभाष गुप्ते यांची गोष्ट

(या भागाचं हे लिखित रूप. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

मी नाचणगावातून बोलतोय. आज पंखा बंद ठेवलाय, म्हणजे मागच्या भागासारखी घरघर ऐकू येणार नाही. घाम येतोय, पण ते तुम्हाला दिसत नाही, हा रेडिओछाप माध्यमाचा फायदा.

आजच्या विषयाची सुरुवात घरातूनच झाली. माझा भाचा बास्केटबॉल खेळतो. उंच आहे, हात लांब आहेत, रोज संध्याकाळी पुलगावला जातो आणि रात्री गुडघे सोलून परत येतो. परवा जेवताना त्यानं सरळ विचारलं, "मामा, हे खेळून पोट भरते का?" मी म्हटलं, "काहून बे, आताच पोटाचं काय काढलं?" तर म्हणाला, "बाबा म्हणते, खेळ म्हणजे हौस. नोकरी म्हणजे पोट. म्या काय समजायचं?"

मी गप्प बसलो. कारण त्याचे बाबा खोटं बोलत नव्हते, आणि पोरगाही चुकीचं विचारत नव्हता. मग डोक्यात आलं, की ज्या काळी आपल्या देशात खेळाडूला पगार हा शब्दच माहीत नव्हता, त्या काळी कुणी खेळून पोट भरलं का? भरलं तर कसं? आणि शेवटी त्याचं काय झालं?

बास्केटबॉलमध्ये शोधायला गेलं, तर त्या काळात आपल्याकडे पैसे घेऊन बास्केटबॉल खेळणारा माणूस सापडत नाही. आपली बास्केटबॉलची राष्ट्रीय संघटना झाली १९५० मध्ये. पुढे मुंबईच्या नागपाड्यातून अब्बास मुंतसिर यांच्यासारखा भारताचा कर्णधार निघाला, त्यांना १९७० चा अर्जुन पुरस्कार मिळाला. पण व्यावसायिक म्हणाल तर नाही. व्यावसायिक मराठी खेळाडू सापडतो तो क्रिकेटमध्ये. म्हणून आज आपण बोलणार आहोत सुभाष गुप्ते यांच्याबद्दल. सुभाषचंद्र पंढरीनाथ गुप्ते. जन्म मुंबईचा, ११ डिसेंबर १९२९.

हातात काय होतं

गुप्ते लेगस्पिनर होते. ज्यांना क्रिकेट कळत नाही त्यांच्यासाठी दोन वाक्यं. लेगस्पिनर मनगटानं चेंडू फिरवतो. उजव्या हाताच्या फलंदाजासमोर चेंडू टप्पा पडल्यावर बाहेर जातो. आणि त्याच हालचालीतून कधीतरी एक चेंडू उलटा, आत येतो, तो गुगली. फलंदाजाला हातावरून ओळखायचं असतं, बाहेर जाणार का आत येणार. गुप्त्यांकडे गुगलीचेच दोन प्रकार होते. म्हणजे एक ओळखली म्हणून खूश व्हावं, तर दुसरी वेगळीच निघायची.

त्यात ते चेंडूला उंची द्यायला घाबरत नसत. फटका बसला तरी पुढचा चेंडू पुन्हा वरच. सर गारफील्ड सोबर्स यांनी पुढे अनेकदा सांगितलं, की आपण पाहिलेल्या लेगस्पिनरांत गुप्ते सर्वांत उत्तम. हे सांगणाऱ्या माणसानं शेन वॉर्नही पाहिला होता, हे लक्षात ठेवा.

पहिली कसोटी कोलकात्याला, १९५१-५२ च्या हंगामात, इंग्लंडविरुद्ध. पण नाव झालं ते १९५३ च्या वेस्ट इंडिज दौऱ्यात. विजय हजारे कर्णधार. समोर तीन डब्ल्यू, म्हणजे वॉरेल, वीक्स आणि वॉलकॉट, तिघेही ऐन भरात. तिथल्या टणक खेळपट्ट्यांवर आणि त्या तिघांसमोर गुप्त्यांनी पाच कसोटींत २७ बळी घेतले. त्रिनिदादमध्ये विल्फ फर्ग्युसन नावाचा लेगस्पिनर होता, त्याच्यावरून यांना 'फर्गी' असं टोपणनाव पडलं, ते जन्मभर राहिलं.

याच दौऱ्यात त्रिनिदादला त्यांची कॅरल यांच्याशी ओळख झाली. पुढे लग्न झालं. त्रिनिदाद म्हणजे उसाच्या मळ्यांवर मजुरीसाठी १८४५ पासून भारतातून नेलेल्या माणसांच्या पिढ्या जिथे वाढल्या, तो देश. हे नाव लक्षात असू द्या. गोष्ट शेवटी तिथेच जाणार आहे.

आपला कापूस आणि त्यांची रोजी

आता पोटाचं बोलू.

त्या काळी भारतासाठी कसोटी खेळलं की हातात साधारण अडीचशे रुपये पडायचे, असं जुने खेळाडू सांगतात. पाच दिवसांचे अडीचशे. आणि कसोट्या किती? गुप्ते दहा वर्षं भारताकडून खेळले आणि त्यांच्या कसोट्या झाल्या ३६. वर्षाला चारसुद्धा नाहीत. यात घर चालत नाही. म्हणून बहुतेक खेळाडू कुठल्यातरी कंपनीत, रेल्वेत, संस्थानात नोकरीला असायचे. खेळायला सुट्टी मिळायची, एवढंच.

पण एक जागा अशी होती, जिथे फक्त खेळण्याचे पैसे मिळायचे. इंग्लंडमधलं लँकेशायर. आणि इथं मंडळी, आपला वर्धा जिल्हा गोष्टीत येतो.

लँकेशायर म्हणजे सुताच्या गिरण्यांचा मुलूख. १८६१ ते ६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिकडचा कापूस बंद पडला, आणि या गिरण्यांची नजर आपल्याकडे वळली. हिंगणघाटच्या कापसाचं नाव तिथल्या बाजारात होतं. मुंबईची रेल्वे १८६७ मध्ये नागपूरपर्यंत आली, ती आपल्या पुलगाव-वर्ध्यावरूनच, आणि तिच्यामागे मोठं कारण कापसाचं होतं. म्हणजे आपल्या पणज्यांनी वेचलेला कापूस ज्या गावांत सूत होऊन निघायचा, त्याच गावांत पुढे आपले खेळाडू पोटासाठी गेले. गाठोडं आधी गेलं, माणूस मागून.

त्या गिरणीगावांची क्रिकेट लीग होती. लँकेशायर लीगमध्ये १४ क्लब. गावातला विणकर, खाणकामगार, शाळामास्तर, कारकून असे सगळे हौशी खेळाडू, आणि प्रत्येक क्लबला फक्त एक व्यावसायिक. एकच. शनिवारी दुपारी सामना, अख्खं गाव मैदानावर. त्या एका व्यावसायिकानं बळीही घ्यायचे, धावाही काढायच्या आणि आठवड्यातल्या संध्याकाळी गावच्या पोरांना शिकवायचंही. चांगला खेळ केला की प्रेक्षकांत टोपी फिरायची, लोक नाणी टाकायचे. तो त्याचा बोनस. खेळ वाईट झाला तर सोमवारी दुकानात पाव घ्यायला गेल्यावर दुकानदार विचारणार, काय राव, शनिवारी काय झालं होतं?

तिथे विनू मंकड होते, विजय हजारे होते, दत्तू फडकर होते. आणि १९५० च्या दशकात रिश्टन नावाच्या क्लबला सुभाष गुप्ते होते. गंमत बघा, वीक्स बेकपला, वॉलकॉट एनफील्डला, वॉरेल शेजारच्या लीगमध्ये रॅडक्लिफला. ज्यांना कसोटीत गोलंदाजी करायची, तेच शनिवारी गिरणीगावातही भेटणार. सगळे पोटासाठीच आलेले.

या नोकरीची ताकद काय होती, ते मंकडांच्या १९५२ च्या गोष्टीवरून कळतं. त्या वर्षी भारताचा इंग्लंड दौरा होता. मंकडांना हॅसलिंग्डन क्लबकडून बोलावणं होतं. त्यांनी आपल्या बोर्डाला विचारलं, दौऱ्यात माझी निवड नक्की आहे का? बोर्डानं हमी दिली नाही. मंकडांनी क्लबचा करार केला. मग पहिल्या कसोटीत भारताची दुसऱ्या डावात ० बाद ४, म्हणजे शून्यावर चार गडी बाद, अशी अवस्था झाली आणि बोर्ड हॅसलिंग्डनच्या दारात गेलं, मंकडांना सोडा म्हणून. क्लबनं सोडलं. लॉर्ड्सवर मंकडांनी ७२ आणि १८४ धावा काढल्या आणि पहिल्या डावात ७३ षटकं टाकून पाच बळी घेतले. भारत हरला, पण त्या सामन्याला आजही मंकडांची कसोटी म्हणतात.

मला या गोष्टीत धावांपेक्षा दुसरंच दिसतं. देशाच्या बोर्डानं मंकडांना लेखी काहीच दिलं नव्हतं. एका गिरणीगावच्या क्लबनं दिलं होतं.

नऊ बळी आणि एक सुटलेला झेल

गुप्त्यांकडे परत येऊ. डिसेंबर १९५४. मुंबई विरुद्ध पाकिस्तान सर्व्हिसेस आणि बहावलपूर यांचा पाहुणा संघ. एका डावात ७८ धावांत दहाच्या दहा बळी. प्रथम श्रेणीच्या सामन्यात असं करणारे ते पहिले भारतीय. १९५४-५५ च्या पाकिस्तान दौऱ्यात २१ बळी. १९५५-५६ मध्ये न्यूझीलंडविरुद्ध पाच कसोटींत ३४ बळी.

आणि मग कानपूर, डिसेंबर १९५८. समोर पुन्हा वेस्ट इंडिज. पहिला डाव २२२ धावांत आटोपला, त्यात गुप्ते १०२ धावांत ९ बळी. कसोटीच्या एका डावात नऊ बळी घेणारे पहिले भारतीय. दहावा का नाही? लान्स गिब्सचा झेल गुप्त्यांच्या गोलंदाजीवर यष्टिरक्षक नरेन ताम्हाणे यांच्या हातून सुटला, आणि गिब्सचा बळी गेला वसंत रांजण्यांना. त्यांची ती पहिलीच कसोटी होती. पदार्पणात बळी मिळतोय, तो कोण सोडेल? आणि सामना? दुसऱ्या डावात सोबर्सनी १९८ काढल्या आणि आपण २०३ धावांनी हरलो.

हेच गुप्त्यांचं नशीब होतं. त्यांच्या काळी आपलं क्षेत्ररक्षण म्हणजे आनंदच. स्लिपमध्ये झेल सुटायचे, यष्टिरक्षकाकडून सुटायचे. १९५९ मध्ये इंग्लंडमध्ये आपण पाचच्या पाच हरलो. तरी ३६ कसोटींत १४९ बळी, सरासरी २९.५५. प्रथम श्रेणीत ५३० बळी.

दिल्लीची खोली

आता खरी गोष्ट. डिसेंबर १९६१. इंग्लंडचा संघ भारतात. कानपूरच्या दुसऱ्या कसोटीत गुप्त्यांनी ९० धावांत ५ बळी घेतले आणि भारतानं इंग्लंडला पहिल्यांदाच फॉलोऑन दिला. गुप्ते ३२ वर्षांचे. लेगस्पिनरसाठी हे उमेदीचंच वय.

तिसरी कसोटी दिल्लीला. संघ इंपिरियल हॉटेलात. तेव्हा खेळाडूंना दोघांत एक खोली मिळायची. गुप्त्यांच्या खोलीत अष्टपैलू ए. जी. कृपाल सिंग. त्या खोलीतून रिसेप्शनवरच्या एका बाईंना फोन गेला, काम संपल्यावर सोबत पेय घेण्याचं आमंत्रण देणारा. त्या बाईंना ते आवडलं नाही. त्यांनी तक्रार केली. तक्रार करण्याचा त्यांचा हक्क होता, आणि ती ऐकून घेणं बोर्डाचं कामच होतं. इथपर्यंत कुणाला काही म्हणायचं नाही.

पण शिक्षा खोलीला झाली. फोन केला कुणी, हे बाजूला राहिलं आणि दोघेही संघाबाहेर. गुप्ते शेवटपर्यंत सांगत राहिले, की फोन मी केला नव्हता. त्यांच्या सांगण्याप्रमाणे बोर्डाचं म्हणणं असं, की मग तुम्ही त्यांना अडवायचं होतं. आता विचार करा, खोलीतला दुसरा धिप्पाड माणूस फोन उचलतोय. हा त्याच्या हातातून रिसीव्हर ओढणार का?

पुढच्या दोन कसोट्या, कोलकाता आणि चेन्नई, भारतानं जिंकल्या. इंग्लंडविरुद्धचा आपला पहिला मालिकाविजय. सलीम दुराणी आणि चंदू बोर्डे यांनी गाजवला. सगळा देश आनंदात. आणि मला वाटतं, गुप्त्यांचं नुकसान त्या आनंदातच बुडालं. संघ हरला असता तर कुणीतरी ओरडलं असतं, गुप्ते कुठे आहे? जिंकलेल्या संघात गैरहजर माणसाची आठवण कुणाला येते?

लगेच १९६२ चा वेस्ट इंडिज दौरा होता. म्हणजे कॅरलचं माहेर. ज्या खेळपट्ट्यांवर २७ बळी घेतले, तीच जागा. गुप्त्यांना नेलं नाही. भारत पाचच्या पाच कसोट्या हरला. आणि कृपाल सिंग? ते पुढे १९६४ मध्ये भारताकडून पुन्हा खेळले. गुप्ते नाही खेळले. कधीच नाही.

ते त्रिनिदादला गेले आणि तिथेच राहिले. साखरेच्या उद्योगात नोकरी केली. मुंबईत जन्मलेला माणूस, लँकेशायरच्या कापसाच्या गावात रोजी कमावलेला, उसाच्या देशात स्थिरावला. २००० साली बोर्डानं त्यांना सी. के. नायडू जीवनगौरव पुरस्कार दिला. ३१ मे २००२ रोजी पोर्ट ऑफ स्पेनला त्यांचं निधन झालं. माजी खेळाडूंना बोर्डाची मासिक पेन्शन सुरू झाली ती २००४ मध्ये.

भाच्याला काय सांगितलं

मी हे सगळं भाच्याला सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे मामा, त्याचं नशीब खराब होतं." मी म्हटलं, नाही. सुटलेला झेल हे नशीब. दिल्लीची खोली हे नशीब नाही.

त्याला मी त्याच्याच खेळातलं उदाहरण दिलं. अमेरिकेत बास्केटबॉलची व्यावसायिक लीग १९४६ मध्ये सुरू झाली, पुढे तिचं नाव एनबीए झालं. सुरुवातीला तिथेही हालच होते. पगार बेताचे, उन्हाळ्यात दुसरी कामं करायची, क्लब म्हणेल तितके प्रदर्शनी सामने खेळायचे. बॉस्टनचा बॉब कूझी हा तिथला मोठा खेळाडू. त्यानं १९५४ मध्ये, म्हणजे गुप्त्यांनी दहा बळी घेतले त्याच वर्षी, खेळाडूंची संघटना काढली. मालकांनी तिला मान्यता द्यायला १९५७ उजाडलं. १९६४ मध्ये तर टीव्हीवर दाखवायच्या ऑल-स्टार सामन्याच्या आधी खेळाडू कपडे बदलायच्या खोलीतून बाहेरच येईनात. पेन्शनचं आश्वासन मिळालं, तेव्हा मैदानावर आले.

कूझी गुप्त्यांपेक्षा मोठा खेळाडू होता का? ही तुलनाच होत नाही. पण तिथे एकाला बाहेर काढायचं तर बाकीचे विचारायला उभे होते. दिल्लीत गुप्त्यांच्या बाजूनं विचारणारं कुणी नव्हतं. चौकशी कशी व्हावी याचा नियम नव्हता, वर दाद मागायची जागा नव्हती, हातात करार नव्हता. दहा वर्षांची कमाई एका फोननं गेली, आणि तो फोनही त्यांचा नव्हता. आपल्याकडे माजी क्रिकेटपटूंची बोर्डानं मान्य केलेली संघटना झाली २०१९ मध्ये. ६५ वर्षांचं अंतर आहे हे.

म्हणून भाच्याला सांगितलं, "खेळून पोट भरतं. गुप्त्यांनी भरलं, मंकडांनी भरलं, आज तर पुष्कळ जण भरतात. पण कौशल्यानं फक्त दाम ठरतो. तो दाम उद्या टिकेल का, हे कागदावर ठरतं. उद्या तुला कुणी जर्सी दिली, तर अंगात घालण्याआधी विचार, गुडघा मोडला तर दवाखाना कोण पाहणार? तक्रार आली तर माझं कोण ऐकणार? आणि मला काढलं तर सांगणार का, काहून काढलं?"

तो हसला. म्हणाला, "एवढं विचारलं तर टीममधेच घेणार नाही मामा."

मंडळी, खरं सांगतो, याचं उत्तर माझ्यापाशी तेव्हा नव्हतं. तो एकटा विचारेल तर खरंच घेणार नाहीत. रात्री पडल्या पडल्या सुचलं. सकाळी त्याला म्हटलं, "एकट्यानं नको विचारू. पाचही जणांनी मिळून विचारा. बास्केटबॉल पाच जणांचा खेळ आहे ना?"

तो काही बोलला नाही. चेंडू घेऊन गेला. पण संध्याकाळी त्याच्यासोबत चार पोरं घरी आली, चहा प्यायला, आणि त्यातल्या एकानं विचारलं, "मामाजी, ते गुप्ते कोण होते म्हणे?"

तर त्या चौघांसाठी, आणि तुमच्यासाठी, हा भाग. तुमच्या घरात कुणी खेळणारं असेल तर त्यांना ऐकवा. आणि खेळ म्हणजे हौस म्हणणारे बाबा असतील, तर त्यांनाही सोबत बसवा, त्यांच्या काळजीत तथ्य आहे. आता पंखा लावतो. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.